न लावलेला कौल

आम्ही घरात सहा माणसं. मी, बायको, दोन मुलं, आई आणि गुडघ्यांनी दगा दिलेले बाबा. आमच्या छोट्या गाडीत बाबांना बसवायचं म्हणजे आधी त्यांचा एक पाय आत, मग बाबा, मग दुसरा पाय आणि शेवटी मला चार शिव्या. त्यात सासुरवाडी गुहागरची. सासऱ्यांची फायबरची छोटी होडी आहे. पावसाळ्याआधी ती ट्रॉलीवर चढवून घरी आणायची, नारळी पौर्णिमेला परत किनाऱ्यावर न्यायची, आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडायचं. म्हणून ठरवलं, जुनी का होईना, पण सात-आठ माणसं बसतील आणि मागे ट्रॉली ओढता येईल अशी दणकट गाडी घ्यायची.

तशी गाडी आमच्या वाडीतच होती. भावकीतल्या एका काकांची. मिरजोळ्याच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करून त्यांनी त्या गाडीवर संसार केला. आता डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. माझं गाडी बघणं चाललंय हे कळल्यावर ते स्वतः घरी आले.

"बाबू, बाहेर कशाला बघतोस? घरातली गाडी घरात राहू दे. चिपळूणचा एक जण मागतोय, पण मी त्याला नाय म्हणून सांगितलं."

गाडी मी गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने ती वर चढवून खालून ठोकून पाहिली. "खाऱ्या हवेने पत्रा थोडा खाल्लाय, तो इथल्या कुठल्या गाडीचा खाल्लेला नसतो? चासी मजबूत आहे. इंजिन तर माझ्यापेक्षा तंदुरुस्त. डोळे मिटून घ्या," म्हणाला. तोवर काकांनी वेल्डरकडून दाराखाली एक लोखंडी पायरी बसवून घेतली होती. बाबांना चढायला बरं पडावं म्हणून. माझा होकार त्यांनी गृहीतच धरला होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

माझं मन मात्र मोबाइलवरच्या एका फोटोत अडकलं होतं. कोल्हापूरची पांढरीशुभ्र गाडी, रुंद टायर, आतून नवीकोरी. काकांच्या गाडीत काय वाईट होतं? काही नाही. तिला अख्खी वाडी ओळखत होती, एवढंच. तिच्या सीटना वर्षानुवर्षांच्या डब्यांचा आणि घामाचा वास होता. ती घेतली असती तर लोकांनी "नवीन गाडी घेतलीस?" असं विचारलं नसतं, "काकांची घेतलीस ना?" असं विचारलं असतं. एवढ्यासाठी मला ती नको होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं कारण हेच.

बायकोला मी गंजाचं कारण दिलं. काकांना ते सांगायची हिंमत नव्हती, कारण त्या गाडीची खालची बाजू त्यांना स्वतःच्या तळहातासारखी पाठ होती. मग मला कौल आठवला. आमच्याकडे मोठं काही करायचं असलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं चिकटवायची आणि पडायची वाट बघायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कौल झाला नाही म्हटलं की कोणी वाद घालत नाही आणि कोणाला रागही येत नाही. आमच्या गावच्या देवळाचं नाव घेतलं असतं तर काकांनी गुरवाला विचारलं असतं. म्हणून मी सासऱ्यांच्या गावची देवी पुढे केली. खोटं बोलताना डोकं असं लख्ख चालतं.

"काका, देवीला कौल लावला होता. डावा पडला. दोन वेळा."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बरं झालं विचारलंस. देवीच्या पुढे कोण जाणार?"

महिन्याभरात पांढरी गाडी दारात आली. काका नारळ घेऊन आले. "हिला विचारलंस ना देवीला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो. उजवा पडला." एक खोटं पचलं की दुसऱ्याला ठेच लागत नाही.

पावसाळ्यात काकी आणि काका फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभे दिसायचे. काकींना दर पंधरवड्याला दवाखान्यात न्यावं लागायचं. पूर्वी काकांचा पुतण्या त्यांच्या जुन्या गाडीने त्यांना न्यायचा. डिझेल वाचवत असतील, असं मी मनाशी म्हटलं. दोनदा थांबून सोडलंही त्यांना, आणि वर स्वतःवर खूशही झालो.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. "बाबू, तुझ्या गाडीला मागे हूक हाय ना? जरा ओढायचं काम होतं."

ओढायची होती त्यांचीच गाडी. तशीच उभी राहून बॅटरी बसली होती, टायर चिरले होते. हायवेवरच्या भंगारवाल्याशी बोलणं झालं होतं. गॅरेजवाला मागच्या गाडीत स्टेअरिंग धरून बसला. काका माझ्या शेजारी. आरशात ती गाडी आणि तिची नवी पायरी दिसत होती.

"काका, भंगारात कशाला? तो चिपळूणचा घेत होता ना?"

"अजून मागतोय. रोज फोन करतो. त्याला दोन लहान पोरं हायत. देवीनं तुझ्या पोरांसाठी जी नाय म्हटली, ती मी त्याच्या पोरांना कशी देऊ? काकीलाही तेव्हापासून बसवली नाय तिच्यात."

भंगारवाल्याच्या फाटकापर्यंत अजून दोन वळणं होती. दोन वळणं म्हणजे बोलायला भरपूर वेळ. कौल लावलाच नव्हता, एवढंच सांगायचं होतं. गाडी वाचली असती. मी मात्र त्यांच्या नजरेतून उतरलो असतो. मी गिअर बदलला.

आत माणसांनी आधी दारं काढायला घेतली. काका थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी गुहागरच्या दिशेने तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाले, "आई, वेळेवर सांगितलंस. माझ्या हातून पाप झालं असतं."

ते माझ्याकडे बघत होते. म्हणून मीही हात जोडले.