सुतकातली कॉमेडी

थंडी सरत आलती, तरी निपाणीवर सकाळचं धुकं उतरतच होतं. त्यात वखारींतल्या तंबाखूचा खकाणा मिसळायचा आणि गल्लीभर माणसं शिंकत उठायची. गुणाबाईनं रात्री भिजवलेली विडीची पानं फडक्यातनं काढली, झटकली आणि कातरायला बसली. सुतकात कामाला हात लावू नये, असं भावकीचं म्हणणं. पण कारखान्याची पानं कुणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत.

नवरा यल्लाप्पा जाऊन आठवडा होत आलता. वखारीतला हमाल. दिवसभर मुकादमाशी कन्नडात, ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलायचा आणि घरी आला की टीव्हीपुढं मराठीत हसायचा. रोज रात्री लागणारी ती कॉमेडी मालिका थोरल्या लेकीच्या लग्नाआधीपासनं चालू होती; आता नात शाळेत जायला लागली तरी बंद पडायचं नाव नाही. तोच बायकोला भिणारा सरपंच, तीच मोडक्या बाजेवर बसायला निघालेली सासू. बाज मोडणार हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. यल्लाप्पा तर आधीच मांडीवर थाप मारून हसून मोकळा व्हायचा. थांबा की, अजून मोडली न्हाय, असं गुणाबाई म्हणायची. मोडल्यावर कोण बी हसतंय, असं तो म्हणायचा.

दुपारी तोच भाग पुन्हा लागायचा. तेव्हा शेजारणी मांडीवर सुपं घेऊन इथंच विड्या वळायला यायच्या. हसता हसता विडी सैल पडायची, कारखान्यात ती बाजूला काढली जायची, तरी एकीनंही बसायची जागा बदलली नव्हती.

आता दीर भरमूनं त्या टीव्हीवर टॉवेल टाकलता. यल्लाप्पाचाच, हमालीवर खांद्याला असायचा तो. दहावा होईस्तोवर घरात हसणं नको, असं ठरलं होतं. आणि सदलग्याची नणंद, राजाआक्का, राखणीला बसल्यासारखी उंबऱ्याशी बसून होती.

दुपार झाली तशी गुणाबाई उठली. टॉवेल काढला, झटकून दोरीवर टाकला आणि टीव्ही लावला.

"गुणा, बंद कर त्ये," आक्का म्हणाली. "भावकी दहाव्याला पाय ठेवायची न्हाय."

"नगं ठेवू दे. भात मी कावळ्याला घालीन."

"हसायचं दिस हाईत व्हय गं हे?"

"तुम्ही सांगितलं म्हणून रडली न्हाय मी, आक्का. हसायला बी कुणाला इचारणार न्हाय. त्यांचं मढं झाकलासा, तेवढं बास. त्यांचं हसणं झाकू देणार न्हाय."

आक्का पदर नाकाला लावून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. हे बंद झाल्याशिवाय ह्या घरचं पाणी पिणार नाही, असंही बजावून गेली.

पडद्यावर सासू बाजेकडं निघाली. गुणाबाईच्या हातातली कातर थांबली. थाप पडायची वेळ झालती आणि शेजारी कुणी नव्हतं. मग तिनंच आपल्या मांडीवर थाप मारली आणि हसली. बारीक नाही, घसा खरवडून निघेल एवढं हसली. समोरचं एक दार उघडलं, दुसरं आपटलं. ती हसतच राहिली.

मग कट्ट्यावरनं आक्काचा आवाज आला, रागातलाच.

"मोडली का न्हाय अजून?"

"न्हाय. बसायला लागलीया."

आक्का आत आली नाही. पण दाराकडं केलेली पाठ तिनं वळवली.

गुणाबाईनं सूप मांडीवर ओढलं, पानावर तंबाखू पसरली आणि विडी वळली. सैल पडली. तिनं ती उकलली आणि पुन्हा घट्ट वळायला घेतली.