चाचांची इटालियन वेल

ओमानमधल्या बरका गावातले आमचे चाचा कुठलीही वस्तू आधी हुंगत, मग तिच्याबद्दल बोलत. मासळी, चहापूड, नवा शर्टसुद्धा. दापोलीकडच्या आंब्याच्या बागांत वाढलेला माणूस. डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा जास्त. त्यात घाई इतकी की तोंडात सदा अरबी "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, चल लवकर. मी शेजारच्या वर्कशॉपात एसी दुरुस्त करायचो आणि संध्याकाळी ते राखत त्या बागेत चहाला जायचो.

बागेच्या ओमानी मालकाकडे, त्यांच्या अर्बाबकडे, एक इटालियन पाहुणा यायचा. त्याने आपल्या गावच्या समुद्रकाठच्या मळ्यातली द्राक्षाची काडी आणून दिली. जात रोसेझे. तिकडे तिची हलकी, सुगंधी लाल वाइन करतात. चाचा दारूला शिवत नसत, पण वेलीला त्यांनी पोटच्या पोरीसारखं जपलं. "दर्याकाठचीच हाय, आपल्यावानी," म्हणायचे. "वाइन त्यांना, फळ आपल्याला."

पहिल्या घडांनी जरा लाली धरली आणि चाचांना दम निघेना. आंबे उतरवतात तसे घड अर्धेकच्चेच काढून त्यांनी खोलीत गवताची आढी घातली.

"चाचा, द्राक्षं आढीत पिकत नाहीत."

"कोकणातला असून आढीला नावं ठेवतोस?"

आठवडाभरात द्राक्षं सडली आणि नमाजी माणसाच्या खोलीला गुत्त्याचा वास सुटला. चाचा बाहेर खाट टाकून झोपले. मी हसलो, मग तेही हसले.

पुढच्या वर्षी घड वेलीवरच पिकू द्यायचं ठरलं, पण ते हिरवे असतानाच चाचांचा व्हिसा संपला. आता कायमचं घरी. ओमान सुटल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पिकलेलं एक द्राक्ष तोंडात पडलं नाही, याची मात्र हळहळ होती. विमानतळावर म्हणाले, "वास आल्याबिगर हात लावू नको."

जूनमध्ये एका संध्याकाळी वेलीखाली गुलाबासारखा हलका वास आला. अर्बाबला विचारून दोन घड डब्यात भरले आणि सुट्टीवर जाताना आधी दापोली गाठली.

चाचांनी घड देठापाशी हुंगला, आंबा हुंगतात तसा, कितीतरी वेळ. मी "यल्ला"ची वाट बघत होतो. मग त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटून खाल्लं, बी तळहातावर काढली आणि आत चाचींना हाक मारली, "करवंटीत माती आण गो."

"चाचा, बी रुजून वेल फळायला वर्षं लागतील."

"लागू दे," ते म्हणाले. "आता कसली घाई?"