काच दोन बोटं उघडी

मोटारीच्या एसीचं गॅरेज टाकलं की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक जुने पाइप आणि दुसरे किस्से. पाइप निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून चहाला जो सापडेल त्याला मी सांगत बसतो.

गॅरेज अमरावतीत, बडनेरा रोडला. माणसं दोनच. थंडाव्याचं मी पाहतो, वायरिंगचं सलीमभाई. पहिला उन्हाळा म्हणजे आमची बोर्डाची परीक्षा होती. मी वर्कशॉपमधली पगाराची नोकरी सोडलेली आणि सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, ते बिलकुल पटलेलं नव्हतं. मामाजी चांदूर बाजारचे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात माझ्यासाठी सुपरवायझरची जागा परस्पर बोलून ठेवली होती.

"हवा दुरुस्त करून कोणाचा संसार चालला हाय का?" ते म्हणाले. "मे सरला की मी त्यायले हो म्हणून सांगतो."

म्हणजे माझ्या हातात एक उन्हाळा होता.

*

पहिलं गिऱ्हाईक एक वकीलसाहेब. तक्रार अशी की एसी गरम हवा मारतो. मी मीटर लावून पाहिलं, सगळं ठाकठीक. साहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही आले, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसूनच चक्कर मारली.

साहेबांनी एसी लावला आणि चारही काचा दोन-दोन बोटं खाली केल्या. मी म्हटलं, साहेब, काच काहून उघडली?

"मंग? कूलरले खिडकी उघडी ठेवा लागते का नाही?"

आता हसणार तरी कोणत्या तोंडानं? वऱ्हाडात माणूस कूलरसमोरच लहानाचा मोठा होतो. खिडकी लावली की कूलर घरभर चिकचिक करतो, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. मामाजीसुद्धा गाडीत असेच दोन बोटं काच उघडी ठेवून बसायचे आणि वरून सांगायचे, हवा खेळती पाहिजे. मी चारही काचा लावल्या. इर्विन चौक येईपर्यंत वकीलसाहेब गार झाले होते. उतरताना म्हणाले, हे कोणाले सांगू नका. मी अजून त्यांचं नाव सांगितलेलं नाही.

*

कूलरवाल्यांतला दुसरा त्याच्याही पुढचा निघाला. अकोल्याचा, भाड्यानं गाडी चालवणारा. त्यानं गाडीच्या तोंडावर खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी तारेनं करकचून बांधली होती आणि दर धाब्यावर थांबून तिच्यावर बादलीभर पाणी मारत होता. ताटीमुळे आत वारा जायलाच जागा नव्हती, मग एसी बिचारा काय करणार? मी ताटी सोडली, एसी लगेच गार. सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि ताटी उचलून मागच्या सीटवर ठेवली.

"राहू द्या. वास तर मस्त येते."

*

गरम हवा म्हटलं की आपल्याकडे एकच औषध, गॅस भरा! अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठनं महिन्याभरात तीनदा भरून घेतला होता. गाडी रोज जिनिंगच्या आवारात उभी. मी समोरची जाळी खोलली तर आत पांढरं शुभ्र. कापसाचे तंतू उडून उडून असे घट्ट बसले होते की एसीची गरमी बाहेर टाकणारा कंडेन्सर दिसतच नव्हता. गॅसला हातही न लावता पाण्यानं धुतलं, आणि गाडी कुडकुडेल अशी गार झाली. निघालेला कापूस सलीमभाईनं पोत्यावर नीट पसरला आणि शेठला म्हणाला, "शेठ, एक तकिया होते याच्यात. घेऊन जा."

*

नांदगाव खंडेश्वरच्या कंपाउंडरचा मात्र कोणावरच भरोसा नव्हता. तो तापाचा थर्मामीटर घेऊन आला. आकडेवाला, डिजिटल. काम सुरू व्हायच्या आधी त्यानं तो एसीच्या तोंडात धरला, तर थर्मामीटरनं हातच टेकले, आकडा वरून त्याच्या आवाक्याबाहेर. पाइपाची गळती होती. दुपारभर खपून ती बंद केली, गॅस भरला. त्यानं परत थर्मामीटर धरला. या वेळी आकडा उतरत उतरत खालून आवाक्याबाहेर गेला. कंपाउंडरनं थर्मामीटर झटकला, पुसला, खिशात ठेवला.

"उतरला बाप्पा ताप."

*

मे सरत आला. धाकट्या मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्यात ठरलेलं, आणि तीन दिवस आधी मामाजींच्या गाडीनं गरम हवा मारायला सुरुवात केली. मामाजी गाडी घेऊन गेले दुसऱ्याच वर्कशॉपला. तिथं सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, आठ दिवस लागतील. शेवटी माझ्या बायकोनं ती माझ्या दारात आणून लावली. मागून मामाजी, उन्हासाठी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले.

बायको हळूच म्हणाली, "बाबाची गाडी हाय. जमत नसन तर आत्ताच सांगा."

चालवून पाहिली. धावताना बरी गार, उभी राहिली की गरम. कॉम्प्रेसर गेला असता तर धावतानाही गरमच मारली असती! उभ्या गाडीत वारा देणारा एसीचा पंखा त्या गाडीत जाळीच्या मागेच असतो, आणि तो हूं का चूं करत नव्हता. सलीमभाईनं आत टॉर्च मारली. पात्यांभोवती नायलॉनची दोरी गच्च गुंडाळलेली, तिच्यात अडकलेलं एक वाळकं झेंडूचं फूल.

गुढीपाडव्याला गाडीच्या तोंडावर बांधलेला हार. फुलं झडली, दोरी आत गेली. ब्लेडनं कापून काढली, जळालेला फ्यूज बदलला, पंखा भरारला. सगळं मिळून अर्धा तास. सलीमभाईनं फुलासकट ती दोरी मामाजींसमोर कागदावर ठेवली.

"हार कोणं बांधला होता?" मामाजींनी हेडमास्तरी आवाजात विचारलं.

पाडव्याला हार त्यांनीच बांधला होता, आणि आपणहून गळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा हुकूमही त्यांचाच होता.

साक्षगंधाला गाडी मीच चालवली. मामाजी शेजारी, दुपट्टा कानावर, काच दोन बोटं उघडी. मी एसी लावला. बडनेरा सुटलं आणि त्यांनी आपल्या हातानं काच लावली. थोड्या वेळानं दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. मूर्तिजापूरच्या अलीकडे फोन वाजला. नांदगाव पेठच्या कारखान्यातून.

"नाही जमत," मामाजी फोनवर म्हणाले. "जावयाचं स्वतःचं दुकान हाय. तुमी दुसरा माणूस पाहा."

फोन खिशात गेला. बाहेर डांबर वितळत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत गारठ्यात मामाजींनी मांडीवरचा दुपट्टा उचलला, झटकला आणि दोन्ही कान झाकून पुन्हा घट्ट बांधून घेतला.