न्यायमूर्तींची वर गेलेली मूठ

तो फोटो आठवला की आजही मला हसू फुटते. तेव्हा मी दिल्लीत चौकशी विभागात होतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी एखाद्या वकिलाचे नाव सुचवले गेले की त्याची पार्श्वभूमी आम्ही गुपचूप तपासत असू. नावे लिहीत नाही. माणसे हयात आहेत.

अशाच एका मराठी वकिलाविषयी मला काहीही वावगे सापडले नव्हते. एवढ्यात साहेबांकडे खबर आली की हा गृहस्थ एका पक्षाच्या सभेत घोषणा देतो. सोबत फोटो. डोक्यावर भगवा फेटा, शेजारी त्या पक्षाचे नेते आणि दोघांच्याही मुठी वर.

"ये तो खुल्लमखुल्ला नारेबाजी है," साहेब म्हणाले. संध्याकाळी प्रतिकूल शेरा मारून फाईल पुढे पाठवायचे ठरले. एवढ्या एका ओळीने त्या माणसाचे न्यायाधीशपद कायमचे गेले असते.

मी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. घोषणा देणारा माणूस इतका गोड हसतो कशाला, हे मला समजेना. दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि खबर देणाऱ्याला बोलावले. तोही वकीलच, त्याच पदावर डोळा ठेवून बसलेला. आडनाव मराठी, बोलणे अस्सल दिल्लीचे. मी साध्या कपड्यांत होतो, नावही सांगितले नव्हते; मी मराठी आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

"मैं खुद वहाँ मौजूद था जी. बिल्कुल पार्टी की सभा थी."

जबाब लिहून घेतला, चहा मागवला आणि कप पुढे करत सहज मराठीत विचारले, "मठ्ठा कसा होता हो?"

"मठ्ठा फक्कड होता यार, पण जिलबी गार..." आणि गृहस्थांनी जीभ चावली.

मग फोटोचा कापलेला भागही त्यांनी मुकाट्याने आणून दिला. त्यात अंतरपाट होता, नवरानवरी होती, विरोधी पक्षाचे नेतेही मूठ उगारून उभे होते. कोपऱ्यात फेटा बांधून खबर देणारे स्वतः. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. दिल्लीच्या साहेबाला हे कळायचे नाही, यावरच त्यांची सारी भिस्त होती. साहेब मात्र पोट धरून हसले आणि अनुकूल शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

ते वकील पुढे न्यायमूर्ती झाले, याचा मला फार आनंद झाला. कुणाची मूठ वर दिसली तर आत काय आहे ते आधी विचारावे, एवढे मी शिकलो. आणि हो, लग्नात अक्षता टाकण्यापूर्वी फोटोग्राफर कुठे उभा आहे, ते मी अजून पाहून घेतो.