‘असं नाव नाही’ म्हणणारा डीबगर

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या ऑफिसात माणसं पाच, पण वैताग पन्नास जणांचा. किस्से साठणार नाहीत तर काय!

आम्ही डीबगर बनवतो. चालू प्रोग्राम मध्येच थांबवायचा आणि विचारायचं, या नावात आत्ता कोणता आकडा आहे? पण प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर आपण दिलेलं साधं नाव तसं ठेवतो होय! मागेपुढे अंडरस्कोर, अक्षरं, आकडे चिकटवून लांबलचक करतो. आपण साधं नाव टाइप केलं की ते लांब नाव डीबगरने स्वतः जुळवायचं. आमचा "असं नाव नाही" म्हणून मोकळा व्हायचा.

* * *

धुळ्याच्या एका ग्राहकाने हेच रडगाणं फोनवर गायलं. फोन उचलला सपोर्टवाल्या लतीफभाईंनी. दुरुस्त करतो म्हणायचं सोडून त्यांनी लांब नाव सांगायला घेतलं. "लिहा. अंडरस्कोर, झेड, एन, पाच..." चहा येऊन थंड झाला. शेवटी समोरचा म्हणाला, "भाऊ, तुम्हीच येऊन टाइप करून जा ना."

लतीफभाई खरंच बस धरून धुळ्याला गेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

* * *

नाना आमच्यात सगळ्यात जुने. चाचणीचा प्रोग्राम त्यांचाच. लक्षात राहावीत म्हणून त्यातल्या नावांना त्यांनी गावांची नावं दिलेली, सोनगीर, दोंडाईचा वगैरे. पण अकरा वर्षं टाइप करतात ती लांब नावं, तीही कीबोर्डकडे न बघता.

मी म्हटलं, "नाना, हे एकदाचं दुरुस्त करू या."

"कशाला? मना डोकामा बठ्ठं शे." सगळं डोक्यात आहे म्हणे!

* * *

मग पुण्याच्या हेड ऑफिसने कळवलं की मोठ्या ग्राहकाच्या मॅडम शुक्रवारी डेमो बघायला येतील. फसला तर काम पुण्याला, आणि नानांची बदलीही. नाना दर शनिवारी दोंडाईच्याला आईकडे जातात. आई ऐंशी पार, घरात एकटी. त्या आठवड्यात नाना धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मी पार्सर, म्हणजे डीबगरमधला टाइप केलेलं वाचणारा भाग, दुरुस्त केला. आता जे टाइप कराल ते साधं नाव समजून तो त्याचं लांब नाव बनवणार. नानांना तीनदा बजावलं, "साधंच नाव टाका."

"हो गं बाई, कळलं."

* * *

शुक्रवारी मॅडम समोर बसल्या. नानांची बोटं सवयीने चालली. लांब नाव! माझ्या पार्सरने त्याचं आणखी लांब केलं. स्क्रीनवर आलं, "असं नाव नाही."

नानांनी परत तेच टाइप केलं, या वेळी सावकाश. परत तेच उत्तर. मॅडमनी घड्याळ बघितलं.

मी दात खाऊन पुटपुटले, "नाना, साधं नाव."

नाना घामाघूम. हळूच म्हणाले, "याचं साधं नाव काय होतं गं?"

"तुमचं गाव, नाना."

नानांनी एका बोटाने दोंडाईचा टाइप केलं. आकडा आला. काम जळगावातच राहिलं आणि शनिवारी नाना आईकडे जाऊन आले.

सोमवारी पार्सरबद्दल पहिली लेखी तक्रार आली. नानांची. लांब नाव चालत नाही म्हणून.