सुहासची ढाल नव्या व्हर्जनमध्ये नाही

मित्रांनो, धाकटा भाऊ सुहास वारल्यापासून दर रविवारी मी शिवाजी पेठेतल्या नेट कॅफेत त्याच्या मित्रांच्या टीममध्ये त्याच्या जागी खेळतो. लढाईच्या त्या गेममधलं मला एकच येतं. आधी ढाल विकत घ्यायची आणि जखमी गड्याच्या पुढं उभं राहायचं. सुहासनंच शिकवलं होतं.

आज गेममधल्या दुकानात ढालच दिसेना.

"दादा, नव्या व्हर्जनमधनं काढली की ती," सुहासचा मित्र बंडू म्हणाला. "तलवार घ्या आन् सुटा मारत!"

मी तलवार घेतली. आम्ही जिंकलोही. पोरं ओरडत होती, पण मला त्या खेळात सुहास कुठंच जाणवला नाही.

जुनं व्हर्जन कुणाकडं सीडीवर आहे का? घरी कॉम्प्युटरच्याच गड्यांसोबत एकटा खेळेन.