पंधरा नंबरला गाडी कोणी लावली?

भुताखेतांचे किस्से ऐकले की मला हसू येतं. म्हणून हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय... मी मूळचा वैरागचा. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका मोठ्या हॉटेलात व्हॅले पार्किंगचा कॅप्टन आहे. वर रेस्टॉरंट आणि गेम झोन, खाली बेसमेंट. नऊ वर्षांत माझ्या हातून एकाही गाडीला ओरखडा नाही! सांगणारच की छाती पुढं काढून.

तिथली पद्धतसुद्धा मीच बसवलीय. गाडी रिव्हर्सनं लावायची, तोंड बाहेर. चाकं सरळ, डावा आरसा मिटलेला. आणि मिनिटभर उतरलं तरी चावी हातात.

रविवारची दुपार होती. दुधनीचे एक अडत व्यापारी, अप्पा, नवी कोरी गाडी घेऊन आईसोबत आले. बॉनेटवर हारही ताजा. मी गाडी रिव्हर्स घेत रॅम्पच्या तोंडाशी आणली, तर मागच्या सीटवर आईंची काठी राहिलेली. इंजिन बंद केलं, चावी काढली, काठी घेऊन पळालो. दहा पावलांवर मागं वळून बघतो तर गाडी उतारावरून मागं निघालेली! हँडब्रेक राहिला होता... माझ्याकडून!

खाली माझा जोडीदार मल्लिनाथ रॅम्पकडं पाठ करून जमिनीवर नंबर रंगवत बसला होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडत रॅम्पच्या अर्ध्यापर्यंत धावलो, पण गेम झोनच्या दणदणाटात ऐकतो कोण? मल्लू गेला, एवढंच डोक्यात.

गाडी त्याच्या पाठीशी आली आणि वळली. चावी काढून स्टीअरिंग जरा फिरवलं की ते लॉक होतं, कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. तरी वळली! दोन गाड्यांच्या मधे पंधरा नंबरला एका दमात शिरली. तिथं मलाही दोनदा मागंपुढं करावं लागतं.

"काय बे, हळू आण की!" मल्लू मान वर न करताच खेकसला.

"मल्ल्या, मी हितं वर हाय! चावी माझ्या हातात हाय!"

तो उठला, काचेतून आत वाकला. "यप्पा... आत कोणच न्हाय बे!"

चाकं सरळ. डावा आरसा मिटलेला. हँडब्रेक ओढलेला. कॅमेऱ्यात बघितलं, सीट रिकामी. मॅनेजर म्हणाले, "ओरखडा नाही ना? मग गप्प बस."

जेवून आल्यावर अप्पा खूश. "काय झकास लावलीय रे! तूच ना?"

या प्रश्नाला मी आजवर 'व्हय' सोडून दुसरं उत्तर दिलेलं नाही. पण मल्लू शेजारीच उभा होता, धडधाकट. खोटं बोलवेना.

"न्हाय अप्पा. माझा हँडब्रेक राहिला होता. ह्याचा जीव जाणार होता."

सगळं सांगितलं. नोकरी जाणार असं धरूनच चाललो होतो. अप्पा मल्लूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माणूस वाचला, बास."

स्टीअरिंग कुणी फिरवलं, अजून कळलेलं नाही. मेकॅनिकला विचारलं, तोही डोकं खाजवतो. पण जे कुणी होतं, ते माझ्यापेक्षा चांगली गाडी लावतं. आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाबद्दल म्हणतोय.